फोन बदलू, सिम बदलू की घर बदलू?

तळमजला (धागाकर्ता)
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून धागा काढतोय.

बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांना नवा फोन घेतला. दहा हजारांच्या आतला, पेटीवर ठसठशीत '५जी'. रिचार्जही ५जी चालणारा मारला. महिना होत आला, कोपऱ्यात ४जीच दिसतंय. पुण्यात कर्वेनगरात तळमजल्यावर राहतो, तिन्ही बाजूंनी इमारती. संध्याकाळी सातनंतर बाबांचं कीर्तन लागलं की बुवा "विठ्ठल" म्हणायला तोंड उघडतात आणि चक्र गोल गोल फिरत राहतं. बाबा तेवढ्यात चहा पिऊन येतात.

माझं सिमही त्याच कंपनीचं. माझा फोन दोन वर्षं जुना, तरी त्यात ५जी येतं. एफसी रोडला ४०० एमबीपीएस वेग मिळाला, घरी मोजला तर १२. म्हणजे कंपनी तीच, प्लॅन तोच, घर तेच आणि दोन फोनांना दोन न्याय.

बायको म्हणते सिम बदला. भाऊ म्हणतो फोन परत करा (मुदत गेली). बाबा म्हणतात, वायरवाला फोन होता तेव्हा असलं काही नव्हतं. काय बदलू?

नळस्टॉप
सोमवार, रात्री ९:५२

घर बदला. कर्वेनगरातून कोथरूडात या. रेंज तीच राहील, पण पत्ता सांगताना बरं वाटतं.

वाकडी_वाट
सोमवार, रात्री १०:१५

आधी प्लॅन तपासा. "५जी चालणारा" असं दुकानदार म्हणाला की ॲपमध्ये लिहिलंय? जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर नियम बदललेत. त्याआधी बहुतेक सगळ्या रिचार्जवर ५जी फुकट उधळलं जात होतं. आता जिओ आणि एअरटेल दोघांकडेही रोज २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवरच अमर्याद ५जी. जिओचंच उदाहरण घ्या. २९९ ला २८ दिवस रोज दीड जीबी, त्यात ते नाही. ३४९ ला रोज २ जीबी, त्यात आहे. पन्नास रुपयांचा फरक. माझ्या सासऱ्यांनी तो वाचवला आणि मग सहा महिने मला शिव्या घातल्या.

तळमजला
सोमवार, रात्री १०:२१

ॲपमध्ये बघितलं. २ जीबीवालाच आहे. प्लॅन निर्दोष.

हिशेबनीस
सोमवार, रात्री १०:४८

प्लॅनवरून आठवलं म्हणून. ३४९ चा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात १३ वेळा मारावा लागतो. तेरा गुणिले ३४९ म्हणजे ४५३७ रुपये. तेच जिओचा वर्षाचा ३५९९ चा घेतला तर रोज अडीच जीबी मिळतो आणि ९३८ रुपये वाचतात. ८४ दिवसांचा ८५९ चा मधल्यांसाठी. दिवसाला साडेबारा, सव्वादहा आणि पावणेदहा रुपये, अशी तिन्हींची उतरंड. एकरकमी भरू शकतो त्याला स्वस्त, महिन्याला जेमतेम निघतात त्याला महाग. किराण्यातही हेच असतं म्हणा, पोतं घेणाऱ्याला दर वेगळा आणि पावशेर घेणाऱ्याला वेगळा.

आणि तो तेरावा महिना! अधिक मास आपल्याकडे साधारण तीन वर्षांतून एकदा येतो, यांच्याकडे दरवर्षी. बरं, धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे तरी मिळतात. इथे आपणच वाण द्यायचं आणि आपणच पाया पडायचं.

पायरीच_बरा
सोमवार, रात्री १०:५५

"आपणच पाया पडायचं" __/\__

पण ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा असे प्लॅन ठेवणं २०२२ पासून ट्रायने (दूरसंचार नियामकाने) सक्तीचं केलंय. ॲपमध्ये खाली खाली खाली गेलं की सापडतात.

जुना_तारवाला
मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

धागाकर्ते, तुमच्या वडिलांना हे सगळं हवंय कशाला, हा माझा साधा प्रश्न. मी ७१ वर्षांचा आहे. कॉल, बँकेचे मेसेज, घरात वायफाय. ट्रायने डिसेंबरात कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल-एसएमएसचे वेगळे प्लॅन ठेवा. जानेवारीत ते आले. एअरटेलचा १८४९ रुपयांत ३६५ दिवस, डेटा शून्य. मी तो घेतला. बाहेर पडल्यावर इंटरनेट बंद म्हणजे बंद. तळ्यातल्या गणपतीपर्यंत चालत जातो, माणसं बघतो.

वाकडी_वाट
मंगळवार, सकाळी ९:०२

काका, आणि रिक्षावाल्याला पैसे? भाजीवालीला?

जुना_तारवाला
मंगळवार, सकाळी ९:४०

सुटे ठेवतो. हल्ली माझ्याकडेच सुटे असतात म्हणून सगळे माझ्याशी प्रेमाने बोलतात.

बिबवा
मंगळवार, सकाळी ११:३०

आमची रडकथा ऐका. बिबवेवाडी, चौथा मजला. आमच्या कंपनीची रेंज फक्त स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, तेही एक्झॉस्ट फॅनच्या बाजूला. मुलाने ऑनलाइन इंटरव्ह्यू मिक्सरशेजारी उभं राहून दिला. तक्रार केली तर उत्तर आलं, "तुमच्या भागात नेटवर्क समाधानकारक आहे." कोणाच्या समाधानाला कारक ते लिहिलं नव्हतं. कंपनीचं नाव लिहितेच आता, ती म्हणजे

(पुढचा मजकूर संपादित)

संपादक मंडळ
मंगळवार, सकाळी ११:४१

दर, बँड, नियम यांबद्दल लिहिताना कंपन्यांची नावं खुशाल घ्या. वैयक्तिक तक्रारीत नाव नको. मागच्या वेळी असाच धागा ३०० प्रतिसादांवर जाऊन कुलूपबंद करावा लागला होता.

पायरीच_बरा
मंगळवार, सकाळी ११:५०

नाव घ्यायचं तर उखाण्यात घ्या, बिबवाताई.

बिबवा
मंगळवार, दुपारी १२:०५

घेते.

दर अठ्ठावीस दिवसांनी देते नोटा मोजून,
अमुकरावांची रेंज बघते गच्चीवर जाऊन.

नळस्टॉप
मंगळवार, दुपारी १२:०७

वा! आता घास भरवा. २ जीबीचा.

सदाशिवातला_एक
मंगळवार, दुपारी ४:१५ (१ ते ४ झोपलो होतो, उगाच कोणी विचारायला नको)

आमच्या वाड्याच्या भिंती दीड-दोन फुटांच्या. आत ५जी सोडाच, पोस्टमनची हाकही येत नाही. बरीच वर्षं फोन खिडकीच्या कोनाड्यात ठेवून स्पीकरवर बोलायचो, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या बातम्या आळीला आमच्याआधी कळायच्या. मग भाचीने फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. एअरटेलने हे २०१९ च्या डिसेंबरात आणलं, जिओने पुढच्या महिन्यात. वेगळे पैसे नाहीत. घरच्या वायफायवरून साधा कॉल लागतो, समोरच्याला काही कळत नाही. फोन आणि कंपनी दोघांनाही ते जमत असलं पाहिजे एवढंच. बिबवाताई, ओट्यापासून सुटका होईल तुमची.

आळीची मात्र पंचाईत झाली.

फीडरवायर
मंगळवार, रात्री ११:२०

दिवसभर साइटवर होतो, आत्ता धागा वाचला. पोटापाण्याला हेच करतो (टॉवरची कामं, १४ वर्षं) म्हणून जरा सविस्तर.

'५जी' म्हणजे एकच लहर (बँड) नाही. २०२२ च्या लिलावात जे विकलं गेलं त्यातला कामाचा मोठा तुकडा ३३०० मेगाहर्ट्झचा, फोनच्या माहितीपत्रकात ज्याला एन७८ म्हणतात. रस्ता रुंद म्हणून वेग जबरदस्त. पण ही लहर भिंतीला घाबरते. दोन इमारती, एक काँक्रीटचा जिना आणि खिडकीची काळी काच मध्ये आली की संपली. तुमचे एफसी रोडचे ४०० आणि घरचे १२ यात गूढ काही नाही. रस्त्यावर टॉवर समोर दिसत होता, घरी तो तीन भिंतींपलीकडे आहे.

दुसरा तुकडा ७०० मेगाहर्ट्झ, एन२८. त्या लिलावात तो फक्त जिओने घेतला. ही लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. पण गल्ली अरुंद, १० मेगाहर्ट्झच, आणि वरच्याचा रस्ता १०० चा. म्हणून बाथरूममध्येही '५जी' अक्षरं दिसतात आणि वेग ४जीएवढाच मिळतो. लोक म्हणतात फसवलं. फसवलं नाही, चिन्हाने वेग सांगितलेलाच नसतो. काही फोन तर आजूबाजूला ५जी आहे एवढ्याच सूचनेवर ते चिन्ह लावून मोकळे होतात, प्रत्यक्षात चालू असतं ४जी.

संध्याकाळी सातचं कारण वेगळं. एका टॉवरचं एका दिशेचं तोंड जेवढ्या फोनांना धरतं, त्यांच्यात क्षमता वाटली जाते. सातला अख्खं कर्वेनगर घरी येतं. पहाटे सहाला मोजून बघा, १२ चे ४० होतील. शिवाय वेगाचं ॲप जवळच्या सर्व्हरशी बोलतं, कीर्तन दूरच्या सर्व्हरवरून येत असेल.

अजून एक, ते 'बी' धाकटं की थोरलं ते बघा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठने भागा. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट.

आता बाबांचा फोन. तुमच्या फोनला त्याच घरात ५जी दिसतं आणि त्यांच्या नव्याला नाही, यात भिंतीचा दोष नाही. मॉडेल कोणतं? इथे नाव नको, मला निरोप पाठवा. किंवा पेटीच्या मागे बारीक अक्षरात बँडच्या यादीशेजारी काय लिहिलंय ते सांगा.

हिशेबनीस
मंगळवार, रात्री ११:४५

आठने भागा म्हटल्यावर हात शिवशिवले. ३०० एमबीपीएसने दीड जीबी किती वेळात संपेल? ४० सेकंदांत. म्हणजे २९९ वाला माणूस खऱ्या ५जीच्या वेगाने धावला तर मिनिटभरात दिवसाचा कोटा खलास, पुढे ६४ केबीपीएस. त्या वेगाने ३ मेगाबाइटचा एक फोटो जायला सव्वासहा मिनिटं. तेवढ्यात नळस्टॉप चौकाचा सिग्नल सुटतो.

नळस्टॉप
मंगळवार, रात्री ११:४७

सुटत नाही.

खडकवासला_ओव्हरफ्लो
बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

फीडरवायर, आमच्या सोसायटीवर एक टॉवर लावा हो. १२० फ्लॅट, सिंहगड रोड. कंपनी भाडं द्यायला तयार होती. सर्वसाधारण सभेत ठराव मांडला तर तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उभे राहिले, "रेडिएशनने आमच्या कबुतरांना त्रास होईल." कबुतरं त्यांची नाहीत, सोसायटीची आहेत, आणि कबुतरांचा आम्हालाच त्रास आहे, यावर पाऊण तास चर्चा. ठराव फेटाळला. पुढच्याच महिन्यात त्याच काकांनी तक्रारवहीत लिहिलं, "लिफ्टमध्ये व पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज येत नाही, कमिटीने लक्ष घालावे."

फीडरवायर
बुधवार, सकाळी ८:५५

हे आम्हाला प्रत्येक गल्लीत भेटतात. भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश आहे. आणि टॉवर जवळ असला तर तुमच्या कानाजवळचा फोन उलट कमी ताकदीने बोलतो. लांब असला की तो बिचारा ओरडतो, तापतो, बॅटरी खातो. काकांना सांगा, कानापाशी ओरडणारा नको असेल तर गच्चीवर टॉवर बरा. तरंग संचार नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, आपल्या भोवतीचे टॉवर नकाशावर दिसतात.

अर्धी_पोळी
बुधवार, सकाळी १०:१०

मला नाही पटलं. एक दशांश वगैरे ठीक आहे, पण टॉवर शाळेच्या भिंतीला खेटून का? लोकांना विश्वासात न घेता रात्रीत उभे केले की लोक शंका घेणारच. कबुतरवाल्या काकांना हसणं सोपं आहे.

फीडरवायर
बुधवार, दुपारी १:३०

रात्रीत उभे करण्याबद्दल मान्य. मीही केलेत. दिवसा ट्रक आत येऊ देत नाहीत हे एक कारण, आणि दुसरं तुम्ही म्हणता तेच.

मुळशीकर
बुधवार, दुपारी २:००

शहरवाल्यांचं बरं चाललंय, ४०० की १२. ताम्हिणीच्या अलीकडे आमच्या वस्तीवर बिनतारी सगळं एकाच दगडावर येतं. त्या दगडाला गावात 'एक्सचेंज' म्हणतात. कुणाचा फोन आला तर पोरगं पळत सांगायला येतं. पुण्याचे ट्रेकर त्याच दगडावर बसून डबा खातात, मग आमचे व्यवहार ठप्प.

फुल_ना_फुलाची_पाकळी
बुधवार, दुपारी ३:२०

अवांतर: विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडला कोणत्याच कंपनीचं काही चालत नाही. गेल्या वर्षी आम्ही चौघी हरवलो. फोन चालेनात, शेवटी आईने सांगितलेली जुनीच युक्ती, "चुकामूक झाली तर बेलबाग चौकात उभं राहायचं." तिघी तिथेच सापडल्या. चौथी घरी जाऊन झोपली होती.

वाकडी_वाट
बुधवार, दुपारी ४:०५

धागा मिरवणुकीला निघाला. धागाकर्ते, पेटी सापडली का?

तळमजला
बुधवार, रात्री ८:३०

सापडली. माळ्यावर, आईने त्यात पणत्या ठेवल्या होत्या. मागे भिंगातून वाचलं. एन२८, एन७८ आणि आणखी पाच-सहा आकडे आहेत. खाली '५जी: एसए'. बास. माझ्या फोनच्या माहितीत 'एसए / एनएसए' असं दोन्ही आहे.

फीडरवायर
बुधवार, रात्री ९:१०

सापडला चोर.

५जी चालवायच्या दोन पद्धती. एनएसए म्हणजे ५जीला ४जीच्या खांद्यावर बसवणं. फोन आधी ४जीला जोडला जातो आणि मग त्याला ५जीची जोड मिळते. जुन्या यंत्रणेवर पटकन सुरू करता येतं. एअरटेलने २०२२ मध्ये याच पद्धतीने सुरुवात केली. एसए म्हणजे ५जीचा स्वतःचा वेगळा संसार, ४जीचा आधार नाही. जिओने पहिल्यापासून हा रस्ता धरला.

बाबांच्या फोनची चिप स्वस्तातली, तिला फक्त एसए कळतं. तुमचं सिम एनएसए देत असेल तर तो फोन समोर ५जी असूनही ४जीवरच बसणार. बिघाड नाही, भाषा वेगळी. बँडचे आकडे जुळले तरी काम होत नाही ते यामुळे. लोक आकडेच बघतात आणि ही दोन-तीन अक्षरं सुटतात. दुकानदार तर पेटीच्या पुढचीच बाजू दाखवतो.

खात्री करायची सोपी युक्ती, घरातलं एसए देणाऱ्या कंपनीचं सिम पाच मिनिटं त्यात घाला.

तळमजला
बुधवार, रात्री ९:५८

बायकोचं घातलं. जिन्यात गेलो, आलं ५जी! बायकोने जो चेहरा केला त्याचं वर्णन करत नाही.

म्हणजे आता पोर्ट?

हिशेबनीस
बुधवार, रात्री १०:१०

पोर्ट लिहून पुढे नंबर टाकून १९०० ला मेसेज करा, अक्षरं-आकडे मिळून आठ खुणांचा कोड येईल. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, तुमच्या वडिलांना नव्वद दिवसांचा प्रश्न नसावा. कोड देऊन नव्या कंपनीचं सिम घेतलं की साधारण तीन कामकाजाचे दिवस. नंबर तोच राहतो. सध्याचा रिचार्ज मात्र बुडतो, तेव्हा तो संपत आल्यावर करा.

जुना_तारवाला
गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

वडिलांना विचारलंत का?

तळमजला
गुरुवार, रात्री ९:१५

विचारलं, आणि तिथेच गाडी अडली. नंबर तोच राहतो हे तीनदा सांगितलं. पेन्शनचा मेसेज, गॅसचा नंबर, सगळं तसंच राहील म्हटलं. बाबा म्हणाले, "कोपऱ्यावरचा तो मुलगा वीस वर्षं माझा रिचार्ज करतोय. त्याच्याकडे त्या दुसऱ्या कंपनीचं नाही. त्याला काय सांगू?"

यावर फीडरवायरकडेही उत्तर नसेल.

मग काल रात्री बाबांचा फोन घेऊन घरभर फिरलो. त्यांची आरामखुर्ची नेमकी लोखंडी कपाटाच्या मागे. खुर्ची खिडकीपाशी आणली, ४जीवरच वेग १२ वरून २६ झाला. व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'वरून एक पायरी खाली केला. आज संध्याकाळी अख्खं कीर्तन झालं, चक्र एकदाही फिरलं नाही. बाबांचा चहा राहिला म्हणून ते जरा नाराज आहेत.

आईची तक्रार, खुर्ची आता वाटेत येते.

बिबवा
गुरुवार, रात्री ९:२२

म्हणजे शेवटी घरच बदललंत. अर्धा फूट.

वाकडी_वाट
गुरुवार, रात्री ९:३०

आणि २ जीबीवाला कशाला भरताय मग? ५जी येत नाही तर ते वरचे पैसे वाया.

तळमजला
गुरुवार, रात्री ९:४१

दीड जीबी पुरत नाही, कीर्तन लांबतं. तारवाले काका म्हणतात तसं वायफाय घ्यावं असा विचार आहे. वायर ओढायला सोसायटीची परवानगी लागेल, त्याचा वेगळा धागा काढेन.

पायरीच_बरा
गुरुवार, रात्री ९:५०

तो फोन विकणार असाल तर सांगा. माझं सिम एसएवालं आहे. पेटीसकट हवा, पणत्या नकोत.